बिनसाखरेचं सरबत: कुणाच्या ग्लासात, कशाच्या जागी?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई, आम्ही ऐरोलीत राहतो. घरात मी, नवरा (वय ४१), मुलगा (सव्वासहा वर्षं) आणि सासूबाई (वय ६८). फेब्रुवारीत ऑफिसच्या तपासणीत नवऱ्याचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, अजून डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर आहात, साखर कमी करा. तोवर तो रोज दुपारी ऑफिसात ३०० मिलीचं कोल्ड्रिंक घ्यायचा. मी घरातले आंब्याच्या ड्रिंकचे टेट्रापॅकही बंद केले आणि शुगर फ्री ऑरेंज स्क्वॅश आणायला लागले. पाण्यात मिसळून प्यायचं. नवरा दिवसाला दोन ग्लास घेतो. मुलाला तर इतकं आवडलंय की शाळेच्या बाटलीतही तेच लागतं, साधं पाणी तो आता घेतच नाही. तो फळं खात नाही, म्हणून मला वाटायचं, निदान रस तरी पोटात जातोय. सासूबाईंना डायबिटीस आणि बीपी आहे, गोळ्या चालू आहेत. त्याही कधीमधी घेतात, पण म्हणतात, 'हे सगळं केमिकल आहे, त्यापेक्षा पोराला गुळाचं पन्हं दे.' इंग्लंडमधल्या लेस्टरची माझी नणंद सांगते, तिकडे सगळ्यांची मुलं हेच पितात, काही होत नाही. ऑफर होती म्हणून तीन बाटल्या घेतल्यात, एक उघडली आहे. लेबलचा फोटो पाठवतेय. चालू ठेवू की बंद करू? — ऐरोलीची एक आई

उत्तर

नमस्कार.

चालू ठेवू की बंद करू, याचं एकच उत्तर तुमच्या घराला लागू पडणार नाही. बाटली एक असली तरी ती तीन वेगळ्या गोष्टींच्या जागी येऊन बसली आहे. नवऱ्याच्या ग्लासात ती कोल्ड्रिंकच्या जागी आली. मुलाच्या बाटलीत ती पाण्याच्या जागी आली. आणि तुमच्या मनात ती फळाच्या जागी आली. यातली पहिली अदलाबदल फायद्याची आहे, दुसरी तोट्याची. तिसरी मुळात झालेलीच नाही, कारण त्या ग्लासात फळ जवळजवळ नाहीच.

फळापासूनच सुरुवात करते. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून वाचला. संत्र्याचा रस २५ टक्के, आणि एक भाग स्क्वॅशला चार भाग पाणी घाला, असं त्यावर आहे. आता २०० मिलीचा ग्लास धरा. त्यात ४० मिली स्क्वॅश आणि १६० मिली पाणी. ४० मिलीचा चौथा हिस्सा रस, म्हणजे १० मिली. हे गणित झाल्यावर मी उठले आणि खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेऊन १० मिली संत्र्याचा रस रिकाम्या ग्लासात ओतला. ग्लास तिरका केला की तो रस एका कडेला जाऊन बसत होता, इतका थोडा. चहाचे दोन चमचे. बाकी सगळं पाणी, आंबटपणासाठी सायट्रिक ॲसिड, गोडीसाठी ९५५ आणि ९५० नंबरचे पदार्थ, वासासाठी फ्लेवर, टिकण्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह आणि केशरी दिसावं म्हणून ११० नंबरचा रंग. मुलाने दिवसाला तीन ग्लास घेतले तरी सहा चमचे रस पोटात जातो आणि फळातला चोथा जातच नाही. एक मध्यम संत्रं सोलून खाल्लं तर दोन-अडीच ग्रॅम तंतू तिथेच मिळतात, चावायला वेळ लागतो, पोट भरल्यासारखं वाटतं. हे काम बाटली करू शकत नाही.

'फळ खात नाही म्हणून रस देते' हे वाक्य ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या सल्ल्याच्या खोलीत मी दर आठवड्याला ऐकते. त्यात आईची काळजीच असते, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण स्क्वॅश सोडाच, अस्सल रसही फळाची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात फळाच्या रसातली साखर ही चहातल्या साखरेच्याच खात्यात मोडते, कारण रस काढताना ती गरातून सुटी होते. जून २०२४ मध्ये आपल्या एफएसएसएआयनेही, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही, कंपन्यांना पाकिटांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांमध्ये मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात १०० ग्रॅम फळ धरलं आहे. मुलाला याहून फार वेगळं लागत नाही. एवढं म्हणजे लहानसं केळं किंवा मध्यम पेरू. त्यासाठी रसाचा आडमार्ग घ्यायची गरजच नाही.

फळ खायला लावायची एक साधी वेळ असते. मूल शाळेतून आलं, भूक लागली आहे आणि डब्यातून अजून काही निघालेलं नाही, ती दहा मिनिटं. तेव्हा समोर बशीत चार फोडी ठेवा आणि तुम्हीही त्यातली एक खा. 'खा' असं म्हणू नका. संत्रं असेल तर सोलायला त्याच्याच हातात द्या. सालीचा फवारा डोळ्यात उडाला तरी मुलांना ते काम आवडतं, आणि स्वतः सोललेली फोड तोंडात जातेच. पपई नको असेल तर चिकू, चिकू नको असेल तर पेरूला तिखटमीठ. आठ-दहा वेळा नाकारलेलं फळ अकराव्या वेळी खाणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत. वाशीच्या एपीएमसीचा घाऊक फळबाजार तुमच्यापासून फार लांब नाही, ताज्या फळांची तुम्हाला वानवा नाही.

एक बारीक गोष्ट लेबलवरची. तुम्ही 'शुगर फ्री' लिहिलंय, पण बाटलीच्या पुढच्या बाजूला 'नो ॲडेड शुगर' छापलं आहे. दोन्ही एक नव्हेत. आपल्याकडे शुगर फ्री म्हणायचं तर १०० मिलीमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. नो ॲडेड शुगर म्हणजे वरून साखर घातलेली नाही, फळाची स्वतःची साखर असतेच. तुमच्या बाटलीत ती पातळ केल्यावर ग्लासाला जेमतेम एक ग्रॅम उरते, तेव्हा इथे घाबरण्यासारखं काही नाही. पण हेच शब्द आंब्याच्या किंवा द्राक्षाच्या घट्ट रसाच्या खोक्यावर दिसले तर मागे उलटून साखरेचा आकडा वाचा. तिथे तो चांगलाच मोठा असतो.

आता मुलाची शाळेची बाटली. मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते, आणि ती साखरेमुळे नाही.

तुमचा मुलगा सव्वासहा वर्षांचा आहे. या वयात दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात पडून तिला जागा होत नाही, त्यामुळे अनेक घरांत ती आल्याचं कळतच नाही, आणि आयुष्यभर चावायचं ते तिच्यावरच. नुकत्याच आलेल्या दाढेवरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, अजून पूर्ण पक्कं झालेलं नसतं. तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि सायट्रिक ॲसिड घातलेलं कुठलंही सरबत त्याच्या बरंच खाली असतं. साखर नसल्यामुळे दात किडवणाऱ्या जंतूंना खाद्य मिळत नाही, हे खरं. पण आम्ल ते आम्लच. एखाद्या ग्लासाचं आम्ल लाळ अर्ध्याएक तासात सावरून घेते. शाळेची बाटली मात्र एका दमात प्यायली जात नाही. प्रार्थनेनंतर एक घोट, गणिताच्या तासाला एक घोट, मधल्या सुट्टीत दोन, व्हॅनमध्ये पुन्हा. लाळेला सावरायला मिळतंच कुठे? दाढ सकाळी आठपासून दुपारी दीडपर्यंत आंबट पाण्यात भिजत राहते.

दुसरी गोष्ट सवयीची. तहान लागली की पाणी, हे शरीराचं गणित मुलाला शिकवावं लागत नाही, पण ते बिघडवता मात्र येतं. तुमच्या पत्रातलं 'साधं पाणी तो आता घेतच नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. दोन-तीन महिन्यांत इथवर आलंय. घामाघूम करणारी आपली हवा, उन्हाळ्यात मैदानावरून आलेलं पोर, आणि त्याला तहानेला गोडच लागतं. उद्या घरात स्क्वॅश नसला की हा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून काय मागणार, ते तुम्ही बंद केलेल्या टेट्रापॅकवरून कळतंच.

म्हणून शाळेची बाटली येत्या सोमवारपासून साध्या पाण्याची. यात हळूहळू वगैरे नको. पहिले दोन-तीन दिवस बाटली भरलेली घरी परत येईल, रुसवाही होईल. त्याला सकाळी निघताना आणि घरी आल्याबरोबर समोर बसवून पाणी द्या आणि लघवीचा रंग बघत राहा. फिकट पिवळा असेल तर चिंता नाही. गडद झाला तर पाणी कमी पडतंय, मग नारळपाणी, पातळ ताक, वरणाचं पाणी असं द्या. या वयाच्या मुलाला पाणी आणि पेयं मिळून दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चौथ्या-पाचव्या दिवशी बाटली अर्धी रिकामी होऊन येते, हा माझा अनुभव आहे.

घरी मात्र एकदम तोडू नका. दिवसातून एकदा, जेवणाबरोबर, उघड्या ग्लासातून, लहान ग्लास. सिपर नको, झोपताना तर नकोच. पहिल्या आठवड्यात एकास चार, दुसऱ्या आठवड्यात एकास सहा, मग एकास आठ. रंग फिका होत जातो तशी जीभही बदलते. सरबतानंतर पाण्याची एक चूळ, आणि लगेच ब्रश नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, कारण आम्लाने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने घासलं जातं. महिनाभरात ते रविवारपुरतं राहिलं तरी मला समाधान आहे.

सासूबाई 'केमिकल' म्हणतात, त्याला हसून उडवून लावू नका. त्यांच्या शंकेत तथ्य आहे, फक्त ते त्या समजतात तिथे नाही. तुमच्या लेबलवरचा ९५५ म्हणजे सुक्रालोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. ९५० म्हणजे ॲसिसल्फेम-के, सुमारे २०० पट. इतके गोड असल्यामुळे ते चिमटीभरच लागतात. कॅन्सरची भीती बहुतेकांच्या मनात जुलै २०२३ च्या बातम्यांनी भरली. तेव्हा ॲस्पार्टेम या स्वीटनरला 'कॅन्सरकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं गेलं. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने त्याची रोजची मर्यादा, दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, तशीच ठेवली. ७० किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. तुमच्या बाटलीत ॲस्पार्टेम, म्हणजे ९५१, नाहीच. तो विषय इथे संपवू.

त्यापेक्षा मे २०२३ ची जागतिक आरोग्य संघटनेची सूचना जास्त विचार करायला लावणारी आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा डायबिटीस-हृदयविकारासारखे आजार टाळण्यासाठी स्वीटनरवर विसंबू नका, असं ती सांगते. ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांना ही सूचना लागू नाही, म्हणजे सासूबाई यात येत नाहीत, पण नवरा आणि मुलगा येतात. कारण असं की वर्षानुवर्षं स्वीटनर घेणाऱ्यांमध्ये डायबिटीस आणि हृदयविकार जास्त दिसले. पण ज्यांचं वजन आधीच जास्त आहे, ज्यांनी साखरेची धास्ती घेतली आहे, तेच स्वीटनरकडे वळतात. तेव्हा आजार स्वीटनरने आला की आजाराच्या भीतीने स्वीटनर आला, हे अशा अभ्यासांतून पक्कं सांगता येत नाही. म्हणूनच संघटनेने ही सूचना सशर्त ठेवली आहे.

याच्या दुसऱ्या बाजूला नेदरलँड्समधली एक चाचणी आहे, २०१२ साली प्रसिद्ध झालेली. साखरेची पेयं नेहमी पिणाऱ्या ६४१ शाळकरी मुलांना १८ महिने रोज २५० मिली पेय दिलं, निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं. कुणाला कोणतं हे मुलांना माहीत नव्हतं. दीड वर्षात साखरेवाल्या मुलांचं वजन सरासरी ७.३७ किलो वाढलं, बिनसाखरेवाल्यांचं ६.३५ किलो. रोजच्या एका कॅनमुळे एका किलोचा फरक. पण हे विसरू नका की तिथे बिनसाखरेचं पेय साखरेच्या पेयाच्या जागी दिलं होतं. रोज पाणी पिणाऱ्या मुलाला ते द्या, असं ती चाचणी कुठेही सांगत नाही.

इथे तुमच्या नणंदेकडे वळते. त्या चुकीचं सांगत नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आहार मार्गदर्शिकेत दिवसभराच्या सहा-आठ ग्लास पेयांमध्ये बिनसाखरेची पेयंही मोजली जातात, आणि रस मात्र दिवसाला १५० मिलीवर थांबवायला सांगितलंय. तिथे २०१८ पासून साखरेच्या थंड पेयांवर जादा कर आहे, घराघरात स्क्वॅशची बाटली असतेच, आणि साखरेच्या बाटलीवरून लोकांना बिनसाखरेच्या बाटलीवर आणणं ही त्यांची पायरी आहे. मुलांसाठी मात्र पाणी आणि दूधच सर्वांत चांगलं, हे तिथलेही डॉक्टर सांगतात. शिवाय लेस्टरची बाटली आणि तुमची बाटली एक नाही. तुमच्या लेबलवरचा ११० नंबर म्हणजे सनसेट यलो. २००७ साली ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासात अशा काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दिसला. पुढे युरोपात २०१० पासून हे रंग असतील तर 'मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो' अशी सूचना बाटलीवर छापणं सक्तीचं झालं, आणि तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी रंगच बदलले. आपल्याकडे हा रंग ठरावीक प्रमाणात चालतो आणि तशी सूचना लागत नाही. एवढ्या थोड्या प्रमाणात तुमच्या मुलाला काही झालं असेल असं मी म्हणत नाही. पण संत्र्याचा रंग जर संत्र्यातून येत नसेल, तर तो मुलाच्या पोटात रोज का जावा?

नवऱ्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. रोजच्या ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये साखर ३० ग्रॅमच्या वर, म्हणजे सहा-सात चमचे असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी वरून आलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायची आहे. एका बाटलीतच ती ओलांडली जात होती. ती बाटली थांबवायला स्क्वॅश कामी आला असेल तर तो आणल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. साधा साखरेचा स्क्वॅश आणला असतात तर ग्लासाला चार चमचे साखर गेली असती. हे दोन ग्लास सध्या राहू देत. तीन-चार महिन्यांत त्याचा एक, मग कधीतरी, असं उतरवत न्या. कुबडी पाय बरा होईपर्यंतच वापरायची असते.

पण ६.१ हा आकडा एकट्या कोल्ड्रिंकने आलेला नाही आणि एकट्या स्क्वॅशने जाणार नाही. दिवसातले चहा किती आणि प्रत्येकात साखर किती, हे त्यांना मोजायला सांगा. साखर वाचवली म्हणून संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर एक वडापाव जास्त, हा हिशेब बरेच जण नकळत करतात. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वजन सुमारे ७ टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय ठेवलेल्या गटात डायबिटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००६ च्या भारतीय चाचणीतही जीवनशैली बदलून ते २८.५ टक्क्यांनी घटलं, गोळीशिवाय. रात्री जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं खाडीच्या बाजूला चक्कर, दोघांनी मिळून. तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा. आकडा खाली आला असेल तर तो चालण्याने आणि ताटाने आलेला असेल.

सासूबाईंसाठी एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगणार आहे, कारण ती माझ्या घरात घडली आहे. माझी आई डायबिटीसच्या गोळ्या घ्यायची. एका एकादशीला गोळी घेतली, उपास म्हणून खाल्लं काहीच नाही. साडेअकराला तिचे हात गार आणि घामेजलेले, शब्द अडखळत होते. मी धावत फ्रिज उघडला, समोर दिसली ती बिनसाखरेच्या सरबताची बाटली, आणि तेच ग्लासभर तिला पाजलं. दहा मिनिटं गेली तरी फरक नाही. मग लक्षात आलं की मी तिला गोड पाजलं होतं, साखर नव्हे. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली आणि पंधरा मिनिटांत तिचे डोळे माझ्याकडे स्थिर झाले. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

म्हणून त्यांच्या कपाटात किंवा पर्समध्ये खरी साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलणं गडबडलं तर शक्य असेल तेव्हा ग्लुकोमीटरवर बघा, आणि ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र हाताशी नसेल तर वाट बघत बसू नका, साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका, थेट दवाखाना. स्क्वॅशची बाटली अशा वेळी उपयोगाची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. जुलाब-उलट्यांतही तेच. ओआरएसमधली साखर चवीपुरती नसते, ती आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढून नेते. तिथे बिनसाखरेचं काही चालत नाही.

एरवी सासूबाईंनी कधीतरी अर्धा ग्लास स्क्वॅश घेतला तर साखर वाढणार नाही. गुळाच्या पन्ह्याबद्दल मात्र त्यांना माझ्या वतीने प्रेमाने सांगा, की गूळही साखरच आहे. त्यातलं लोह वगैरे एका ग्लासापुरतं इतकं थोडं की त्यासाठी चार चमचे गूळ खाणं परवडत नाही. कैरी उकडून गर काढा, वेलची आणि केशराची काडी घाला, ग्लासाला एकच चमचा गूळ, आणि ते सणासारखं, आठवड्यातून एकदा. असं पन्हं नातवालाही द्या. त्यात रंग कैरीचा असतो, आणि आजीच्या हातचं म्हणून तो ते लक्षात ठेवेल. कोकमाचं आगळ त्यांच्यासाठी नको, बीपीला ते मीठ झेपणार नाही. बिनमिठाची कोकमं पाण्यात भिजवून, जिरेपूड टाकून, जेवणाबरोबर चालेल. आंबट तेही आहे, म्हणून दिवसभर घोट घोट नको.

आणि साध्या पाण्यालाच चव आणायची असेल तर आपल्याकडे माठ आहे. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात वाळ्याची जुडी मिळते. दोन-तीन पाण्यांनी माती निघेपर्यंत धुवा, दोऱ्याने बांधा आणि फिल्टरचं पाणी माठात भरून त्यात सोडा. तीन-चार तासांत पाण्याला पहिल्या पावसासारखा वास येतो. दर दोन दिवसांनी जुडी काढून कडक उन्हात वाळवायची, काळपट किंवा बुळबुळीत झाली की नवी आणायची. साखर नाही, आम्ल नाही, रंग नाही. मुलाला ती जुडी स्वतः माठात सोडू द्या. शाळेच्या बाटलीत हेच पाणी भरून दिलंत तर सोमवारचा रुसवा कदाचित थोडा लवकर निवळेल.

राहिल्या तीन बाटल्या. उघडलेली फ्रिजमध्ये ठेवा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीत नवऱ्यालाच संपवू दे. बंद दोन दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका, नसेल घेत तर वरच्या कपाटात ठेवा, मुलाच्या नजरेला पडणार नाहीत अशा. पुढच्या ऑफरला एकच आणा, आणि ११० नंबर नसलेली. आज रात्री त्याला ब्रश करून झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून खालच्या जबड्यात अगदी मागे बघा. पांढरट, खाचाखळग्यांची नवी दाढ दिसली तर या महिन्यातच दाताच्या डॉक्टरांना दाखवून आणा.